खिशातला चष्मा

शत्रुघ्न भोईर यांच्या घरात चष्म्याला उंबऱ्याच्या आतच परवानगी होती. बाहेर पडताना चपला घालायच्या आणि चष्मा काढायचा, असा नियम त्यांनी आपल्या मुलाला, चिरागला, घालून दिला होता. चिरागला दोन्ही डोळ्यांना उणे सहाचा नंबर. हाताची वीत जिथे संपते तिथे त्याचं स्पष्ट जग संपायचं, पुढे सगळी खाडीवरची धुई. पण मुलगा लग्नाचा झाला होता आणि शत्रुघ्नरावांच्या मते चष्मा हे डोळ्यांचं नव्हे, खानदानाचं दुखणं होतं.

"पोराला चष्मा दिसला का लोक इचारतात, अजून काय काय हाय?" ते म्हणत. "डोले गेले त किडनी पन गेली असंल, असा हिशोब करतात."

हे सांगताना त्यांच्या हातात वर्तमानपत्र असे. ते वाचण्यासाठी हात इतका लांब करावा लागे, की शेजारी बसलेल्याला त्यातलं राशिभविष्य फुकटात वाचून होई. स्वतः शत्रुघ्नरावांना मात्र चष्म्याची गरज नव्हती. त्यांना फक्त लांब हातांची गरज होती.

चिरागची आई कृष्णाबाई अधूनमधून तोंड उघडायची. "जल्ला तो लोकांचा हिशोब! पोऱ्या गाडीवर जातो. त्याला दिसाला नको का?"

"रोजचा रस्ता हाय. गाडीला पन पाठ झालाय," शत्रुघ्नराव म्हणत आणि विषय संपे.

तो रोजचा रस्ता म्हणजे वसई पूर्वेचं त्यांचं खाडीकाठचं गाव ते सातिवली. तिथल्या प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या एका गाळ्यात चिराग नोकरीला होता. साच्यात केसाएवढा फरक पडला तरी तो पकडायचा, बापाच्या नजरेआड चष्मा लावून. संध्याकाळी तोच माणूस चष्मा खिशात टाकून बुलेटवर बसायचा आणि समोर येतोय तो डंपर आहे की इमारत, हे आवाजावरून ओळखायचा. रस्त्यावर धुळीचा पडदा कायम असे. त्यात शत्रुघ्नरावांचाही वाटा होता. भातशेतीच्या जागी गाळे उठल्यापासून ते रेती-खडीचा पुरवठा करत, आणि त्यांचे डंपर ताडपत्रीशिवाय धावत. बापाची खडी मुलाच्या डोळ्यात जात होती. घरचा धंदा घरातच राहत होता म्हणायचं!

मुलगी पाहायला गेले, तेव्हाही चष्मा खिशातच होता. मुलगी दिपिका, विरारच्या एका शाळेत शिक्षिका. चिराग आत शिरला आणि समोर दिसलेल्या पहिल्याच बाईच्या पाया पडला. ती शेजारीण होती, आपला मिक्सर परत न्यायला आली होती. "काय संस्कार हायेत पोराचे!" असं दिपिकाचे काका म्हणाले आणि शत्रुघ्नरावांची छाती फुगली. चहा घेताना दिपिका चिरागच्या नाकाकडे बराच वेळ बघत होती.

"पोरगी तुझे नाकाकडं कशाला बघत व्हती रे?" परतताना कृष्णाबाईनं चिरागला विचारलं.

"मला कुठे दिसलं?" चिराग म्हणाला. "का गं आये?"

लग्न ठरलं. साखरपुडा झाला. मित्र कल्पेश यानं चिरागला एक काळाकुट्ट गॉगल भेट दिला, बाजूंनी कानापर्यंत वळलेला. "भाई, धूळ पण नाय जाणार आणि हीरो पण दिसशील," कल्पेश म्हणाला. पहिला भाग खरा होता. त्या गॉगलमधून काहीच आत जात नव्हतं. धूळ नाही आणि रस्ताही नाही.

एका संध्याकाळी सातिवलीहून येताना चिरागची बुलेट बसलेल्या म्हशीच्या शेपटीला घासून गेली. म्हैस उठून उभी राहिली, तेव्हा त्याला कळलं की तो खडीचा ढीग नव्हता. घाबरला बिचारा. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो माणिकपूरला, हिलरी अंकलच्या चष्म्याच्या दुकानात गेला. शाळेत असल्यापासून त्याचे नंबर हिलरीच काढत आले होते.

"अंकल, असा काहीतरी गॉगल द्या ना, की आत चष्मा असेल, पण बाहेरून दिसणार नाही."

हिलरींनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "चोरी करतोस काय रे?"

"लग्न करतोय."

"मग तर अजून कठीण." त्यांनी कल्पेशचा गॉगल हातात घेतला आणि टेबलावर असा ठेवला, की जणू मेलेला उंदीर. "हा चष्म्यावर बसतो?"

"नाही. म्हणून चष्मा काढतो."

"देवा रे! अरे, धूळ डोळ्यात गेली तर डोळा चोळशील. डंपर डोळ्यात गेला तर काय चोळशील?"

मग हिलरींनी त्याला समोर बसवलं. चष्म्यावरून चढणारे गॉगल वेगळे मिळतात, खोल, बाजूला दांड्यांसाठी खाच असलेले, कडेला स्पंज आणि वाफ धरू नये म्हणून बारीक भोकं. त्यातला एक त्यांनी त्याच्या चष्म्यावर चढवून बघितला. वळलेल्या फ्रेममध्येच नंबर बसवून मागतात काही पोरं. पण तुझा नंबर मोठा, काच जिथे वळते तिथे रस्ताही वळलेला दिसेल, ते तुला नको, असं ते म्हणाले. चष्म्याची काच साधी नको, पॉलिकार्बोनेटची घे, खडा लागला तरी सहसा तिचे तुकडे होऊन डोळ्यात जात नाहीत. "आणि सगळ्यात चांगलं म्हणजे तोंड झाकणारं हेल्मेट, पुढे साफ पारदर्शक काच. पण ते घ्यायला चष्मा घालून जा! दुकानात चष्मा काढून हेल्मेट ट्राय करतात आणि घरी येऊन रडतात, कानशिलं दुखतात म्हणून. चष्म्याच्या दांड्या बारीक आणि सरळ घे, हेल्मेट चढल्यावर सरकवता येतात. काळी काच उन्हात ठीक आहे. दिवेलागणीनंतर काळी काच म्हणजे डोळे मिटूनच गाडी चालव की, तेवढेच पैसे वाचतील."

चिरागनं चष्म्यावरून चढणारा पारदर्शक गॉगल निवडला आणि नव्या काचांची ऑर्डर दिली. आनंदात घरी येऊन त्यानं सांगितलं. इथेच त्याचं चुकलं.

"पांढरा गॉगल?" शत्रुघ्नराव ओरडले. "हलदीला एन्ट्री हाय तुझी! येल्डिंगवाला वाटशील येल्डिंगवाला!" आणि त्यांनी लगेच हिलरींना फोन लावला. ऑर्डर रद्द.

"भोईर, ऑर्डर रद्द होईल," हिलरी म्हणाले. "नंबर रद्द होणार नाही."

"लग्न होऊं दे, मंग बघू!" शत्रुघ्नरावांनी फोन ठेवला.

लग्न होऊ दे, मग बघू! आपल्याकडे किती गोष्टी या एका वाक्यावर टांगलेल्या आहेत. मुलीचा दमा, मुलाची दारू, सासूचा स्वभाव आणि आता चष्मा. जणू अक्षता पडल्या की डोळ्यांचा नंबर उतरतो.

हळदीचा दिवस आला. कल्पेशनं एन्ट्रीचा बेत ठरवला होता. गावच्या देवळापासून मांडवापर्यंत बुलेटींची रांग, पुढे नवरदेव, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. मांडवाच्या दारात झेंडूच्या माळांचा दाट पडदा, तो फाडून नवरदेवाची गाडी आत येणार आणि वरून फुलं पडणार. कॅमेरावाल्यानं हे दृश्य आधीच पसंत केलं होतं.

सगळं पिवळं ठरलं होतं. मांडवाचं कापड पिवळं, बायकांच्या साड्या पिवळ्या, झेंडू तर पिवळाच. कृष्णाबाईही हौसेनं हळदी रंगाची नऊवारी नेसली होती. मुलगा येणार म्हणून ती औक्षणाचं ताट घेऊन आत उभी होती. कॅमेरावाल्यानं तिला सांगितलं होतं की गाडी आत आल्यावर ओवाळा. पण आई ती. गाड्यांचा आवाज जवळ आला तशी तिला राहवलं नाही. मुलाला दारातच ओवाळायचं म्हणून माळा बाजूला सारून ती बाहेर आली आणि झेंडूच्या पडद्याला लागून उभी राहिली.

दिवे लागले होते. अंधार अजून पुरता झाला नव्हता. देवळापाशी चिरागनं खिशाला हात लावला. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता.

"कल्पेश, लावू का? पाच मिनिटांचं तर काम आहे."

"येडा झालास? फेट्याखाली चष्मा? सगळं वऱ्हाड हसेल. सरळ रस्ता आहे, पिवळं दिसलं की घुसव. रेस दे!"

पिवळं दिसलं. चिरागनं रेस दिली.

ताटातले दिवे त्याला दिसले नसतील का? दिसले. पण मांडवावर हजार दिवे लुकलुकत होते आणि काळ्या काचेतून, उणे सहाच्या धुईतून, सगळे दिवे सारखेच. कृष्णाबाईनं हात वर केला, तोही टाळ्यांसाठी वर गेलेल्या पाचशे हातांतलाच एक. लोक ओरडले. डीजेनं त्या ओरडण्याला दाद समजून आवाज वाढवला. मग ताट पडल्याचा आवाज आला आणि तो मात्र सगळ्यांना ऐकू आला.

माउलीच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात नेईपर्यंत गावात दोन निकाल लागले होते. एक, नजर लागली. दोन, ब्रेक फेल झाला. पहिला निकाल बायकांचा होता, दुसरा शत्रुघ्नरावांचा. त्या गरीब ब्रेकवर माणसानं बोटसुद्धा ठेवलं नव्हतं. ठेवणार कशासाठी? आई समोर उभी असेल तर ब्रेक दाबतात. पिवळ्या पडद्यासाठी कोण दाबतं?

सकाळी दिपिका आली. एकटीच, स्कूटरवरून. एका हातात पारदर्शक काचेचं हेल्मेट, दुसऱ्यात शहाळं. कृष्णाबाईचं ऑपरेशन दुपारी होतं. पाय वजन लावून ताणून ठेवला होता. खाटेच्या पायथ्याशी चिराग बसला होता, हळदीच्याच कपड्यांत.

"ब्रेक फेल झाला, पोरी," शत्रुघ्नराव पुढे होऊन म्हणाले. "मशिनरी हाय. कोनाचा काय दोस?"

"खरंच ब्रेक का, बाबा?"

"हां, मंग."

"नाय गो," खाटेवरून आवाज आला. कृष्णाबाईचे ओठ सुकले होते, पण आवाज पक्का होता. "ब्रेक नाय. त्यानी मना बघितलाच नाय. मी हात केला. माझे लेकरानी मना बघितला नाय. चष्मा खिशान होता त्याचे."

"तू गप ना!" शत्रुघ्नराव म्हणाले.

"मी गप ऱ्हायले म्हनून त इथं पडलेय!"

चिरागनं सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला. एक दांडी वाकली होती. तसाच त्यानं तो डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच आपल्या होणाऱ्या बायकोचा चेहरा नीट पाहिला. ती रागानं थरथरत होती.

"मला माहीत होतं," दिपिका म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुझ्या नाकावर दोन खड्डे आहेत, चष्म्याचे. माझ्या वर्गात असे खड्डेवाले कितीतरी आहेत."

"मग बोलली का नाहीस?" चिरागनं विचारलं.

"तू सांगशील म्हणून! आज सांगेल, उद्या सांगेल. मला वाटलं, कशाला याला लाजवायचं? अशी माझी अक्कल! मी त्या दिवशी बोलले असते तर आईंचा पाय जागेवर असता." तिनं हेल्मेट खुर्चीवर आपटलं. "माझ्या वर्गातल्या मुली चष्मा दप्तरात ठेवतात. फळ्यावरचं दिसत नाही, शेजारणीचं बघून लिहितात. का? तर घरी सांगितलेलं असतं, चष्मेवालीला कोण करणार! त्यांच्यावर मी रोज ओरडते. आणि माझा स्वतःचा होणारा नवरा बुलेटवर आंधळ्यासारखा बसतो, मला फसवायला!"

"फसवायला नाय," शत्रुघ्नराव पुटपुटले. "लोक काय म्हनतील म्हनून..."

"काय म्हणाले लोक, बाबा? काल सगळे लोक तिथेच होते. काय म्हणाले ते?"

लोक 'नजर लागली' म्हणाले होते आणि जेवून गेले होते.

"लग्न मी मोडत नाही," दिपिका चिरागला म्हणाली. "पण एक ऐकून ठेव. तुझ्या डोळ्यांवर चष्मा नसेल तर मी तुझ्यामागे बसणार नाही. चालत जाईन. आणि चालत जाईन ती माझ्या आईच्या घरी."

कृष्णाबाईनं डोळे मिटून घेतले. मग नवऱ्याला म्हणाली, "ऐकलास ना? आता हिलरीकडं जा. तो पोऱ्याचा गॉगल तू नको म्हनलास ना, तूच आन."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरच्या सकाळी शत्रुघ्नराव माणिकपूरला गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते चष्म्याच्या दुकानाची पायरी चढत होते. त्यांनी कल्पेशचा काळा गॉगल खिशातून काढून काउंटरवर ठेवला. रागानं तोडायला घेतला होता, पण तुटला नव्हता. असल्या वस्तू दणकट असतात.

"तो दुसरा द्या, अंकल. पांढरा. काय ते असंल ते."

"देतो. परवाचं सगळं कळलं मला. आधी बसा." हिलरींनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट चढवली आणि तिच्यात दोन काचा घातल्या. "काय दिसतंय?"

"काय दिसंल? सगला धुरकट."

"हे तुमच्या चिरागला दिसतं, चष्म्याशिवाय. लहानपणापासून." मग त्यांनी तोच काळा गॉगल उचलून काचांपुढे धरला. "आणि हे परवा संध्याकाळी दिसलं. आता सांगा, मी कुठे उभा आहे?"

शत्रुघ्नरावांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. आवाज डावीकडून येत होता, पण डावीकडे फक्त काळं होतं, आणि त्या काळ्यात एक पिवळट डाग. तो दुकानातला दिवा असेल. किंवा पाटी. किंवा कुणी माणूस.

"भोईर, त्या पिवळ्यात तुमची बायको ताट घेऊन उभी आहे. घाला गाडी!"

"काढा!" शत्रुघ्नराव ओरडले. त्यांचे दोन्ही हात पुढे गेले होते, कुणाला तरी बाजूला ढकलावं तसे. "काढा ते! काढा! अरे, माझे पोराला मीच आंधला केला! गाडी त्यानी चालवली, पन गाडीखाली तिला मी घातला!"

हिलरींनी चौकट उतरवली. पाणी दिलं. या वयाच्या माणसाला रडताना बघायचं नसतं, म्हणून ते पाठ करून काचा पुसत राहिले. मग म्हणाले, "बसलाच आहात तर तुमचाही नंबर काढू. तुमचे हात आता अजून लांब होणार नाहीत."

लोकहो, ही गोष्ट भोईरांचीच आहे असं समजून निवांत होऊ नका. जरा आपल्या घरातल्या बाइकवाल्यांचे खिसे तपासा. चाळीत, सोसायटीत, गाळ्याबाहेरच्या पार्किंगमध्ये बघा, गाडी सुरू करताना किती जण आधी चष्मा काढतात! कुणाला हेल्मेट दाबतं, कुणाला धूळ नको, कुणाला मुलगी पाहायला जायचंय. या प्रत्येकावर उपाय दुकानात मिळतो. चष्मा घालूनच हेल्मेट निवडा, पुढची काच पारदर्शक घ्या, नाहीतर चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्या, आणि सूर्य मावळला की काळी काच उतरवा. लाजेवरचा उपाय मात्र दुकानात नाही. तो घरातल्या मोठ्यांनी द्यायचा असतो, आणि ते देत नाहीत! डोळ्यांना नंबर असणं ही लाज नाही. तो लपवून दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालणं ही लाज आहे. खिशातल्या चष्म्याला रस्ता दिसत नाही, एवढं कळायला कुणाच्या आईचा पाय मोडावा लागू नये.

कृष्णाबाई वॉकर धरून उभी राहायला लागल्यावर लग्नाची नवी तारीख निघाली. भोईरांचे डंपर आता ताडपत्री बांधून जातात. ड्रायव्हरांना यात काहीतरी सरकारी भानगड वाटते. हळद पुन्हा झाली, छोटी. कल्पेश काळा गॉगल घालून आला, तेव्हा शत्रुघ्नरावांनी डीजेचा माइक हातात घेतला.

"ज्याला नंबर हाय त्यानी चष्मा लावून गाडी आनायची! ज्याला लाज वाटंल त्यानी चालत यायचा! आनि काला गॉगल घालून कोन गाडीवर दिसला तर त्याला जेवन नाय!"

त्यांच्या स्वतःच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता. तो घसरत होता आणि ते तो सारखा वर सरकवत होते. कल्पेशनं गॉगल काढून मुकाट्यानं खिशात ठेवला. मटणाचा वास सुटला होता.

चिराग आला तो बुलेट हळू चालवत, पारदर्शक काचेचं हेल्मेट घालून, आत बारीक दांड्यांचा चष्मा. मांडवापासून बराच अलीकडे त्यानं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि चालत दारापर्यंत आला. झेंडूच्या माळा या वेळी कुणी लावल्या नव्हत्या. कृष्णाबाई खुर्चीत बसली होती, मांडीवर औक्षणाचं ताट.

"दिसते का रे मी?" तिनं विचारलं.

"दिसतेस, आये. ताट पण दिसतंय." चिराग वाकला. "दोन दिव्यांतला एक विझलाय."

शत्रुघ्नरावांनी नाकावरचा चष्मा सारखा केला, वातीचं टोक नीट बघितलं आणि काडी ओढली.